पऱ्हाट्या वाहायच्या थांबल्या

सत्यभामेचं माहेर भोयांचं, सासरही भोयांचंच. तेलगावच्या बाजारात ती मासे घेऊन बसायची. मरळ ताजी आहे का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "तिलाच इचारा की, जिती हाय अजून." जीभ अशी तिखट, पण लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, ही तिच्या आजीची शिकवण.

फाल्गुनात अवकाळी पाऊस कोसळला आणि आटत आलेली नदी काठोकाठ भरली. कापूस वेचून उपटलेल्या पऱ्हाट्या लोकांनी बांधावर रचून ठेवल्या होत्या, त्या पाण्यानं उचलल्या. सकाळभर नदी काटक्यांनी झाकल्यासारखी दिसत होती. जाळी टाकावीत तर मासे कमी आणि पऱ्हाट्याच जास्त.

दुपारी पाणी एकाएकी उतरलं. डोह उघडे पडले, त्यांत मरळी तडफडू लागल्या. काठावरचे सगळे पुरुष पात्रात धावले. सत्यभामेचा नवरा सुंदरराव पार मधोमध, गुडघाभर चिखलात.

"आज नदीनं ताट वाढलंय बे," त्याचा मित्र हैदर मेकॅनिक म्हणाला.

सत्यभामा पाटी घेऊन निघाली आणि थबकली. वरच्या अंगाला आभाळ तसंच काळं होतं. पाऊस थांबला नव्हता, मग पाणी गेलं कुठं? आणि पऱ्हाट्या? कधीपासून एकही वाहत आली नव्हती. वरच्या वळणापलीकडं ठेंगणा पूल होता, त्याच्या मोऱ्या अरुंद. ती पाटी टाकून काठाच्या कडेला धावली.

"अहो, वर या. पऱ्हाट्यांनी पूल तुंबलाय."

काठावर इतर बायकाही ओरडत होत्या. "अहो, ती धरा", "अहो, इकडं बघा." पात्रातल्या एकानंही मान वर केली नाही. नदी मात्र अगदी गप्प होती.

"ए सुंदऱ्या," सत्यभामा ओरडली, "मुडद्या, वर ये."

पात्रात हशा पिकला. "गेली बे तुझी इज्जत," हैदर म्हणाला. "जा, आधी घर सांभाळ."

सुंदररावानं हातातली मरळ फेकली आणि तो चिखल तुडवत निघाला. आता काय होतं ते बघायला हैदर आणि बाकीचेही हसत मागोमाग आले. लखन तेवढा राहिला. त्याच्या हाताला मोठी मरळ लागत होती.

काठ चढताच सुंदररावानं हात उगारला. "लई माजलीस. चार लोकांत नाव घेतीस?"

"मारा. पर हितं, वर हुबं राहून मारा."

वळणापलीकडं काहीतरी कडाडलं. पऱ्हाट्यांची भिंतच्या भिंत पुढं आली आणि तिच्या मागून पाणी. सुंदररावाचा हात तसाच वर राहिला.

लखनची बायको मनिषा काठाच्या अगदी टोकाला उभी होती. "अहो," ती म्हणत होती, "अहो." सत्यभामेनं तिला कमरेत धरून मागं ओढलं. मनिषा उभी होती ती दरड तेवढ्यात पाण्यात गेली.