सात फुटी दुर्बीण

आमची बिबवेवाडीची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि कात्रजला भाड्याने दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा आजोबांच्या दुर्बिणीचं काय करायचं हा प्रश्न आला. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, केवढी आहे?" आजोबा म्हणतात तसंच मी म्हटलं, "सात फुटी."

"सात फूट आरसा? आम्हाला हवी!" तुम्ही दोघं ओरडलात. कितीतरी महिन्यांनी आजोबांनी खुर्ची कॅमेऱ्याकडे सरकवली.

मला व्यवस्थितपणाची खोड. मी टेप आणून आरसा मोजला आणि तुम्हाला लिहून पाठवलं: रुंदी सहा इंच. खाली खुलासाही केला. आरशाच्या दुर्बिणी नव्या होत्या तेव्हा त्यांचा आकार लांबीने सांगत. आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे जवळजवळ नळीएवढं. भिंगांच्या लांबलचक दुर्बिणींपासून चालत आलेली ती पद्धत. पण उजेड किती गोळा होणार ते आरशाच्या रुंदीवर ठरतं, म्हणून पुढे लोक रुंदी सांगू लागले. आजोबा जुन्या पद्धतीचेच राहिले. हा आरसा त्यांनी गॅलरीत पिंपावर काच ठेवून, भोवती फिरत दोन पावसाळे घासला होता. नळी शनिवार पेठेतल्या पत्रेवाल्याने केलेली.

मग तिकडून, परदेशातून, तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, सहा इंची इथे दुकानात तयार मिळते. एवढं धूड कशाला पाठवायचं?"

"इंच कुणी सांगितले त्याला?" आजोबांनी विचारलं.

"मी."

"छान. टेप जपून ठेवा, कात्रजला लागेल."

एका शाळेला विचारलं. त्यांच्याकडे जागा नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. लिफ्टच्या दारात नळी तिरकी करून पाहिली आणि म्हणाला, "आजी, सात फुटी आहे ही. जिन्यानेच न्यावी लागेल."

"याला बरोबर कळलं," आजोबा आतून म्हणाले.

आरसा मी आधीच काढून घेतला होता. "अहो, हा तरी ठेवू या."

"कशाला? नळीशिवाय तो सहा इंचांचाच."

तरी मी तो साड्यांच्या कपाटात ठेवलाय. मुलामा इतका काळा पडलाय की त्यात तोंडही दिसत नाही. माझं माप चुकलं नव्हतं, हे मी अजून रोज स्वतःला सांगते. तुमचा कॉल आला की आजोबा खुर्ची पुढे घेत नाहीत. ते झोपलेत असं मी तुम्हाला सांगते, पण ते जागेच असतात.