चाळीस दिवसांचे नऊ दिवस

३ मार्च, सोमवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कंपनीच्या खात्यात चार कोटी ऐंशी लाख जमा झाले. अकाउंटंटने आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मगच मालकांना फोन लावला. पलीकडच्या खोलीत थेंबमावशी वीस बाटल्यांच्या रांगेपुढे उभ्या होत्या. बातमी सांगायला आलेल्याला त्यांनी हातानेच थोपवले. मोजणी चुकली असती.

कंपनी एकच वस्तू बनवत असे. सलाईनच्या बाटलीखाली चिमट्यासारखे बसणारे, काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र. थेंब पडतायत का यावर ते नजर ठेवी आणि बाटली संपली की वाजून नर्सला बोलावी. ते तपासण्याचे काम मावशींचे. त्याआधी एकोणीस वर्षे त्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या उजेडापुढे धरून कचरा शोधत होत्या. तो कारखाना बंद पडला तेव्हा शेजारच्या मुलाने, म्हणजे आताच्या मालकांनी, छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत हा उद्योग सुरू केला होता आणि त्याला बारीक नजरेचे माणूस हवे होते. तो त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. चारचौघांत त्या त्याला साहेब म्हणत आणि एकट्यात अरे-तुरे करत. तो मात्र कुठेही मावशीच म्हणे, म्हणून सगळी कंपनी म्हणू लागली.

अकरा वर्षांत कंपनी सव्वीस माणसांवर आली होती आणि वर्षाला नऊशे नग विकत होती. बँक तारणाशिवाय दारात उभे करत नव्हती. मग नव्या कल्पनांच्या कंपन्यांत जोखीम घेऊन पैसा घालणारी एक संस्था पुढे आली. तिने नऊ कोटी साठ लाख द्यायचे ठरले, निम्मे आत्ता आणि निम्मे ३० सप्टेंबरला. बदल्यात कंपनीचा तिसरा हिस्सा आणि संचालक मंडळावर दोन खुर्च्या. दुसऱ्या हप्त्याला तीन अटी होत्या. तीन नवी मॉडेल रुग्णालयांकडे रवाना झालेली हवीत, पाच पेटंटचे अर्ज झालेले हवेत आणि सहा हजार नगांच्या मागण्या हातात हव्यात. एक जरी अट चुकली तरी हप्ता थांबणार होता.

पैशाने जे चांगले केले ते मावशींनी कधी नाकारले नाही. मालकांनी सहा वर्षे खणात ठेवलेला एक आराखडा होता. नर्सच्या टेबलावर आपोआप निरोप जाणारे यंत्र. सुटे भाग घ्यायला पैसा नाही म्हणून तो पिवळा पडत चालला होता. पैसा आल्यावर चार महिन्यांत ते यंत्र टेबलावर उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी वाजले. त्या दिवशी मावशींनी पदराने डोळे टिपले, आणि कोणी बघितले तर धूळ गेली म्हणून सांगितले. बारा इंजिनीअर आले. उन्हाळा आणि गारठा एकाच कपाटात पाडणारे यंत्र आले. सगळ्यांना बसायला पाठ असलेल्या खुर्च्या मिळाल्या.

पण सोबत भिंतीवर तारखांचा फळाही आला. पूर्वी एखाद्या नर्सने चिमटा निसटतो म्हणून तक्रार केली की मालक स्वतः कानस घेऊन बसत. आता तक्रारीला रांगेत नंबर मिळू लागला, कारण ती तीनपैकी कुठल्याच अटीत बसत नव्हती. पेटंटचा आकडा भरायचा म्हणून एकाच चिमट्याचे तीन अर्ज झाले. एक चिमट्याचा, एक त्याच्या स्प्रिंगचा आणि एक ती स्प्रिंग बसवण्याच्या पद्धतीचा. त्यावर अकाउंटंट म्हणाला, की चौथा अर्ज चिमटा हातातून पडतो त्या पद्धतीचा करा, तो आपला सगळ्यात जुना शोध आहे. हसले सगळे, पण हळू आवाजात.

याच पैशातून विक्री विभाग निघाला आणि त्यात मावशींचे जावई लागले. विमा कंपनीतली पक्की नोकरी सोडून आले ते सासूबाईंच्या शब्दावर. मालकाला मी लहानपणापासून ओळखते, असे मावशींनी लेकीला सांगितले होते. हप्ता थांबला तर सगळ्यात आधी हाच विभाग बंद होणार, हे जावयांना ठाऊक होते आणि मावशींनाही. घरी त्यांचे यजमान शिवणयंत्रावरून मान वर न करता टोमणा मारत, की हल्ली तू झोपेतसुद्धा तारखा बरळतेस, एखादी आपल्या लग्नाची पण आठवत जा.

तपासणीचा मावशींचा एकच कायदा होता. नवे मॉडेल वीस स्टँडवर चाळीस दिवस चालायचे, आणि मध्ये एक स्क्रू जरी बदलला तरी मोजणी पुन्हा एकपासून. हा कायदा कागदावर कुठे लिहिलेला नव्हता, पण मालकांनीही तो कधी मोडला नव्हता. तिसरे मॉडेल २० ऑगस्टला त्यांच्याकडे आले. चाळीस दिवस कसेबसे बसत होते. पण ५ सप्टेंबरला इंजिनीअरांनी बॅटरी वाचवणारी नवी जोडणी बसवली आणि मोजणी शून्यावर आली. फळ्यावर पंचवीस दिवस उरले होते.

दोन दिवस कोणी मावशींच्या खोलीत आले नाही. येऊन म्हणणार काय? कायदा मोडा असे म्हणायचा धीर कोणाला नव्हता, आणि सगळ्यांच्या नोकऱ्या त्या कायद्यावर टांगलेल्या होत्या. शेवटी वाट मावशींनीच काढली. मिनिटाला वीस थेंब या चालीने चाळीस दिवसांत अकरा लाख बावन्न हजार थेंब पडतात. नळ मोकळा सोडून मिनिटाला नव्वद पाडले तर तेवढेच थेंब नवव्या दिवशी पुरे होतात. यंत्राचे काम थेंब मोजणे, त्याला दिवसांशी काय देणेघेणे? त्यांनी हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला, दोनदा पडताळला आणि मालकांपुढे ठेवला. मालक खुर्चीवरून उठले आणि वाकून नमस्कार करायला निघाले, तेव्हा मावशींनी त्यांना दटावून बसवले. गुंतवणूक संस्थेच्या साहेबांनी मंडळाच्या बैठकीत त्या पानाचे कौतुक केले.

१६ सप्टेंबरला मावशींनी दाखल्यावर सही केली. हिशेबात एका थेंबाचीही चूक नव्हती.

शुक्रवारी, २६ तारखेला सकाळी साडेअकरा वाजता तिसऱ्या मॉडेलचे सहाशे नग टेम्पोत चढले. संस्थेचे साहेब त्या दिवशी कागदपत्रे पाहायला आलेच होते आणि मालकांबरोबर काचेच्या खोलीत बसले होते. मावशी आपल्या खोलीत स्टँड आवरत होत्या. सात नंबरचा नळ नीट बंद झाला नव्हता. बारा-पंधरा सेकंदांनी एक थेंब, असा तो गळत होता, आणि त्यावरच्या यंत्राचा हिरवा दिवा विझलेला होता.

त्यांनी बॅटरी बदलली. दिवा लागला. तीन थेंब पडले आणि पुन्हा विझला. त्या स्टुलावर बसल्या. बाटलीतले उरलेसुरले पाणी संपले. यंत्र वाजले नाही.

मावशींनी नळ थोडा मोकळा केला. दहा सेकंदांनी एक थेंब, यंत्र जागे. तेरा सेकंदांनी एक, यंत्र झोपी. इंजिनीअरला बोलावून विचारले तर त्याने भाबडेपणाने सांगितले, की लागोपाठ तीन थेंबांत बारा सेकंदांहून जास्त अंतर पडले तर कोणीतरी नळ बंद करत आणलाय असे यंत्र समजते आणि बॅटरी वाचवायला झोपते. इतक्या हळू सलाईन कोणाला देतात, असे त्याने उलट विचारले.

तान्ह्या मुलांना देतात. मिनिटाला चार थेंब.

मावशींनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. स्टँड सात, मंद. स्टँड बारा, फार मंद. अकरा वर्षे त्यांच्याच अक्षरात हे शब्द पानोपानी पडले होते. चाळीस दिवसांत नळाची चकती आपोआप सरके, बाटलीतले पाणी उतरले की चाल मंदावे, आणि सकाळी त्या नोंद करून नळ पुन्हा बसवत. ती त्यांना कटकट वाटे. खरी तपासणी ती कटकटच करत होती. नळ मोकळा सोडून पाडलेल्या नऊ दिवसांत अकरा लाख थेंबांपैकी एकही थेंब मंद पडला नव्हता.

बारा चाळीस झाले होते. मालवाहतुकीच्या गोदामातून बाहेरगावच्या गाड्या तीनला सुटत. त्याआधीच गावातल्या मुलांच्या रुग्णालयाचे साठ नग छोट्या गाडीने निघायचे होते. मावशींनी एक यंत्र, एक छोटी बाटली आणि स्टँड उचलला.

बोळात जावई आडवे आले. इंजिनीअरने तोपर्यंत त्यांच्या कानावर घातले होते.

"आई, माझं ऐका. मंगळवारी हप्ता येतोय. बुधवारी सगळा माल परत मागवू, मी स्वतः फोन करतो."

"आणि गावातले साठ? ते आज पोचतील."

"आज पोचून आजच कोण लावतंय? भांडारात पडून राहतील."

"कशावरून?"

जावई बाजूला झाले नाहीत, आणि मावशींनीही त्यांना हाताने सारले नाही. नंतर जावई खाली बघत म्हणाले, "घराचा हप्ता आहे, आई. तुमच्या लेकीलाही विचारा एकदा."

"विचारायला वेळ नाही, जावईबापू. मला शिव्या नंतर द्या, आत्ता वाट सोडा."

काचेच्या खोलीत साहेब मावशींचाच दाखला वाचत होते. मालकांनी स्टँड बघितला, मावशींचा चेहरा बघितला आणि त्यांचा रंगच उडाला. ते लगबगीने उठले.

"मावशी, आपण बाहेर बोलू."

"बाहेर नको. बाहेर बोललास तर मी तुझं ऐकेन."

परक्या माणसापुढे मालकांना साहेब म्हणायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून तू गेले ते त्यांच्या ध्यानातही आले नाही. त्यांनी टेबलावर स्टँड उभा केला, करारावर पाणी पडू नये म्हणून खाली फडके घातले आणि नळ बसवला. साहेबांनी विचारले, की दाखल्यावर सही तुमचीच ना?

"माझीच. चुकीची केली."

थेंब पडत राहिले. तिसऱ्या थेंबानंतर दिवा विझला. साहेबांनी मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवले. बाटलीत अर्धा चमचा पाणी होते, तरी ते संपायला अकरा मिनिटे लागली. मालकांचा एक हात पूर्ण वेळ टेबलाच्या कडेला होता. ते एकदाच बोलले. कदाचित हे एकच यंत्र बिघडलेले असेल, असे म्हणाले. मावशींनी पदराखालून दुसरे यंत्र काढून ठेवले, पण ते लावायला कोणी सांगितले नाही. बाटली रिकामी झाली. यंत्र वाजले नाही.

साहेब म्हणाले, "माल कुठवर गेलाय?"

टेम्पोचा ड्रायव्हर गाडी चालवताना फोन उचलत नसे. त्याचा तो नियम होता आणि एरवी सगळे त्याची स्तुती करत. सातव्या वेळेला त्याने उचलला तेव्हा तो गोदामात माल उतरवून बाहेर पडत होता. पाचशे चाळीस खोकी फलाटावर होती. साठ नगांची छोटी गाडी वीस मिनिटांपूर्वी निघून गेली होती. मावशींनी त्याला आधी त्या गाडीमागे धाडले.

रुग्णालयाच्या भांडारपालाने माल सही करून घेतलेला, तो पत्राशिवाय परत द्यायला तयार होईना. नवी यंत्रे बघून वॉर्डातली एक नर्स दोन खोकी घेऊन वर गेलीसुद्धा होती. ड्रायव्हरने फोन त्याच्या हातात दिला. मावशी त्याला काय म्हणाल्या ते काचेच्या खोलीतल्या दोघांनी ऐकले.

"दादा, मी ती यंत्रं तपासणारी बाई. माझी चूक झालीय. पत्र येतंय मागनं, पण आधी ती दोन खोकी वरून खाली आणा."

मग भांडारपाल कोणालातरी जिन्यावरून हाका मारताना ऐकू आला. तिथून ड्रायव्हर गोदामात परत गेला. तीनला पाच मिनिटे असताना पाचशे चाळीस खोकी त्याच्या टेम्पोत चढली. संध्याकाळी पाचला सहाशे नग मोजून कपाटात गेले.

३० सप्टेंबरला हप्ता आला नाही. करार म्हणजे करार, असे साहेब म्हणाले, आणि त्यात त्यांचे चुकत नव्हते. तो पैसाही दुसऱ्या कोणीतरी त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेला होता. ऑक्टोबरमध्ये नऊ माणसे कमी झाली. विक्री विभागातले पाच त्यात होते आणि जावई त्या पाचांत. त्यांना पुढे दुसरीकडे काम मिळाले, पगार पूर्वीच्या विमा कंपनीपेक्षा कमी. लेक माहेरी येते ती एकटी येते. मावशी जावयांची चौकशी करतात, ती बरे आहेत म्हणते, विषय तिथेच संपतो.

१२ डिसेंबरला संस्थेने नवा करार केला. चार कोटी ऐंशीऐवजी तीन कोटी दहा लाख आले आणि मालकांचा आणखी काही हिस्सा गेला. पेटंटच्या संख्येची अट साहेबांनी स्वतः खोडली. तिच्या जागी एक ओळ घातली, की तपासणी चाळीस दिवसांची राहील आणि ती कमी करण्याचा अधिकार मंडळालाही नाही. मावशींनी ती ओळ वाचली आणि खाली हाताने भर घातली, की त्यात दहा दिवस मंद चालीचे.

दुरुस्त केलेले तिसरे मॉडेल फेब्रुवारीत गेले. पैसा आल्यापासून वर्षभरात कंपनीने तीन हजार चारशे नग विकले. ठरल्यापेक्षा खूप कमी आणि पूर्वीपेक्षा जवळजवळ चौपट. मुलांच्या रुग्णालयाने पुन्हा मागणी नोंदवली, फक्त पाठवण्याआधी त्या बाईंना फोनवर द्या असे भांडारपालाने सांगितले.

त्या शुक्रवारी गोदामातल्या हमालांनी माल परत चढवायचे साडेतीनशे रोख मागितले आणि ड्रायव्हरने ते खिशातून दिले. पावती मिळाली नव्हती, म्हणून हिशेब विभागाने त्याचा अर्ज दोनदा परत पाठवला. कंपनी त्याचे साडेतीनशे देणे लागते.