माझ्या उजवीकडची खुर्ची

चार वर्षं तुम्ही दोघांनी माझे फक्त हात पाहिले. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या कॅनडातल्या सकाळी, मी फोन लोणच्याच्या बरणीला असा टेकवून ठेवत असे की त्यात ओटा, परात आणि माझे हात दिसावेत, खांद्याच्या वरचं काही दिसू नये. मी मेथी निवडायची, लसूण सोलायची, मोदकाच्या कळ्या करून दाखवायची. धाकटीला बरेच दिवस वाटत होतं, आजी म्हणजे सारखं काहीतरी निवडत बसणारी बाई.

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजी मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण इंग्रजीत लिहायला घेतलं की मी शिक्षिका होते आणि शिक्षिकेला हे सांगता यायचं नाही. तुमची आई वाचून दाखवील. वाचता वाचता ती मध्येच थांबली, तर दोघांनीही "पुढे?" म्हणून विचारायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी माझ्या आईला बघायला रियाधहून नाशिकला गेले होते आणि तिथेच आजारी पडले. मला मधुमेह. करोनावर दिलेल्या औषधांनी साखर चढली आणि त्यावर काळी बुरशी झाली. डॉक्टरांनी माझा डावा डोळा, डावा गाल आतून धरून ठेवणारं हाड, वरचा अर्धा जबडा आणि टाळूचा तुकडा काढला, म्हणून मी जगले. डोळ्याच्या जागी आता मांडीची कातडी लावलेला खळगा आहे. गाल आत गेलाय आणि वरचा ओठ डावीकडे ओढला गेल्यामुळे तोंड पूर्ण मिटत नाही. टाळूला भोक आहे, ते झाकायला दातांची एक प्लेट बसवावी लागते. ती काढली की बोलणं सगळं नाकातून येतं आणि पाणी प्यायलं तर तेही. एवढंच. एकदा नीट सांगून टाकलं की परत सांगावं लागत नाही.

तोवर विमानं बंद झाली होती. आजोबा रियाधमध्ये कंपनीच्या कामाला, मी नाशिकमध्ये. ऑपरेशनच्या कागदावर माझ्या भावानं सही केली. काही महिन्यांनी मी परत आले तेव्हा विमानतळावर सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होते, त्यामुळे मीही सगळ्यांसारखीच. घरी आल्यावर मी मास्क काढला, डोळ्यावरची पट्टी काढली. आजोबांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चहा टाकू?" आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

पुढे लोकांचे मास्क उतरले. माझा राहिला. आधी लोकांना वाटे, जरा जास्तच जपते बाई. नंतर त्यांना कळलं. आमच्या मराठी मंडळातल्या बायका भेटायला आल्या. बोलताना त्या माझ्या खांद्यामागच्या पडद्याकडे बघत. पडदा छान आहे, असं तिघींनी सांगितलं. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, पण "जमलं तर या हं, दगदग करू नका" अशा शब्दांत. त्याच्या पुढच्या वर्षी आलं नाही.

नाशिकच्या कॉलेजात शिकवत होते तेव्हा मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडवर मुलींना टिपणं लिहून देत असे. त्या समाजात चेहरा विद्रूप झालेल्या माणसाला तीनच जागा असत, असं त्यात होतं: जत्रेतला तिकीट लावलेला तंबू, वरच्या मजल्यावरची बंद खोली, नाहीतर जाड जाळीचा बुरखा. मुली ते पाठ करत आणि गुण मिळवत. त्या वरच्या खोलीत ताट कोण नेऊन देई, आतला माणूस एकटाच जेवत असे का, हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. आता माझ्याजवळ ती माहिती आहे.

आमच्या फ्लॅटला वरचा मजला नाही. बुरखे मात्र रियाधमध्ये कुठेही मिळतात. गंमत बघा, इतकी वर्षं इथे काढली, पण मी तोंड कधी झाकलं नव्हतं, परदेशी बायकांना ती सक्ती नव्हतीच. आता तर साधा अबाया, म्हणजे अंगभर काळा झगासुद्धा घातला नाही तरी चालतं, तरुण सौदी मुली केस मोकळे सोडून कॉफी पीत बसतात, आणि मी साठी ओलांडल्यावर नकाब घेतला. फक्त डोळे दिसणारा, आणि डाव्या डोळ्यावर काळ्या चष्म्याची काच. पहिल्यांदा तो घालून मॉलमध्ये गेले तेव्हा कुणीही वळून पाहिलं नाही. मी तिन्ही मजले हिंडले. काही घेतलं नाही, नुसती हिंडले.

आजोबांची मात्र पंचाईत झाली. "गर्दीत तुला शोधायचं कसं?" म्हणाले. एकदा त्यांनी सामानाची ट्रॉली भलत्याच बाईच्या हातात देऊन "दूध घेतलंस का?" विचारलं होतं. ती बाई खळखळून हसली म्हणून बरं. तेव्हापासून मी जांभळी पिशवी घेते.

चेहऱ्यापेक्षा मला जेवणाचा त्रास जास्त झाला. मी नन्सच्या शाळेत शिकले. तोंड मिटून चावायचं, तोंडातला घास दिसता कामा नये, हे तिथे पहिल्या वर्षी शिकवत. तुमच्या आईलाही मी तेच शिकवलं, तिला विचारा. आता माझं तोंड मिटत नाही. डावीकडून भात सांडतो, तो मला कळतही नाही, कारण तिथे संवेदना नाही. म्हणून मी आधी आजोबांना वाढायची, मग सगळं आवरून ओट्यापाशी उभ्यानं जेवायची. ते "बस ना" म्हणत. मी "तुम्ही बसा" म्हणे. नंतर त्यांनी म्हणणं सोडलं.

मागच्या हिवाळ्यात तुम्ही येणार हे ठरलं, तेव्हा तुमच्या आईचा फोन आला. तिकिटांचं बोलून झालं, थंडीच्या कपड्यांचं झालं, तरी ती फोन ठेवेना.

"आई, रागावू नकोस हं. पहिले काही दिवस घरात मास्क लावशील? धाकटीला सवय होईपर्यंत."

"मास्क लावल्यावर तिला सवय कशाची होणार? मास्कची?"

"आई, प्लीज. तुला आठवतंय ना तेव्हाचं?"

मला आठवत होतं. ऑपरेशननंतरचा तो पहिला व्हिडिओ कॉल. धाकटी, तू चार वर्षांची होतीस. फोन जरा वर झाला, मी दिसले, आणि तू आईला विचारलंस, "हू इज दॅट?" आणि टेबलाखाली गेलीस. हातांचा खेळ तिथून सुरू झाला. म्हणून आता तुझ्या आईला मी म्हटलं, बघते.

त्याच आठवड्यात मी भाजी आणायला गेले होते, नकाब घालून. कढीपत्त्याच्या जुड्यांपाशी मंडळातल्या दोघी उभ्या होत्या, अगदी माझ्या कोपराला लागून. त्यांना मी दिसले ती एक अरब म्हातारी.

"अगं, त्यांची नातवंडं येतायत म्हणे कॅनडाहून."

"हो? बाई गं. पोरं दचकतील ना."

"मी तर तेव्हा घरी जाऊन जेवलेच नाही. आणि एके काळी काय तोरा होता! माझं इंग्रजी दुरुस्त करायची, तेही माझ्या नवऱ्यासमोर."

"झाकून राहील गं. समजूतदार आहे."

"झाकून किती दिवस? माणूस जेवणार तर आहे."

दोघी जुड्या वरखाली करत होत्या. त्यांच्या हातातली जुडी काळी पडलेली होती. मी म्हटलं, "वरचा घेऊ नका, शिळा आहे. खालचा ताजा आहे."

बिचाऱ्या. एकीनं जुडी सोडली ती थेट टोमॅटोवर पडली. मी खालची एक काढून तिच्या हातात दिली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"वहिनी... तुम्हीच होतात ना?"

"हो."

मग म्हणाली, "कढीपत्ता चांगला निघाला."

"निघणारच," मी म्हटलं. ठेवते मग, ती म्हणाली.

त्यांचा राग आला होता, तरी तुम्ही आलात त्या दिवशी मी मास्क लावलाच, वर काळा चष्माही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातवंडांसमोर. तुम्हाला जवळ घेतलं तेही मास्कमधून. तुम्ही जेवायला बसलात की मी पोळ्या करायची. तुम्ही उठलात की ओट्यापाशी उभी राहायची. पहिले काही दिवस संपले, तुमची आई काही म्हणाली नाही आणि मीही काढला नाही. सुट्टी अर्धी सरली.

मग आजोबांनी आपल्याला त्या जुन्या हॉटेलात नेलं. रियाधमध्ये आता नवी हॉटेलं सगळी मोकळी, काचेची. पण काही जुन्या ठिकाणी कुटुंबांसाठी अजून बंद खोल्या आहेत, खाली गालिचा, दाराला कडी, वेटर बाहेरून टकटक करतो. बायकांना तोंड उघडून जेवता यावं म्हणून केलेली सोय. भलं मोठं ताट आलं, पिवळा भात आणि त्यावर कोंबडी. सगळ्यांनी एकाच ताटात हात घातले. मी भिंतीला टेकून बसले होते.

धाकटी, तू म्हणालीस, "आजी, यू नेव्हर ईट. दादा सेज यू चार्ज युवरसेल्फ ॲट नाइट."

दादा कानापर्यंत लाल झाला. "मी जोक केला होता," तो म्हणाला.

आजोबा हसले, आणि मग त्यांचं हसणं थांबलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या आईनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला. दाराला कडी होती. मला वाटलं, इथल्या इतक्या बायका ह्याच खोलीत तोंडावरचं काढून बसत आल्या. मी नकाब काढला, चष्मा काढला, मास्क काढला, तिन्हींची नीट घडी करून पिशवीत ठेवलं आणि ताटातला भात घेतला.

दादा, तू माझ्याकडे सरळ पाहिलंस आणि म्हणालास, "इट्स नॉट दॅट बॅड." तुझा आवाज मधेच चिरकला. ते खोटं होतं आणि फार चांगलं होतं. मग तू विचारलंस, दुखतं का. मी म्हटलं, थंडीत.

धाकटी, तू एकदाच पाहिलंस आणि आईच्या पाठीमागे गेलीस. जेवण होईपर्यंत तिथेच राहिलीस. माझ्या हनुवटीवरून भात पडला, तो आजोबांनी रुमालानं टिपला, जसं काही ते रोजच टिपतात. गाडीत तू आईच्या कानात विचारलंस, ते मला ऐकू आलं. माझा डावा डोळा गेलाय, कान शाबूत आहे. हे मलाही होईल का, असं तू विचारलंस. नाही, तुला होणार नाही. तुझ्या आईनं तेव्हाही सांगितलं, मीही सांगते.

त्यानंतर मी घरात मास्क लावला नाही आणि टेबलाशी बसून जेवले. तू माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर बसायचीस. दाराकडून येताना ती खुर्ची लांब पडते, सगळ्या टेबलाला वळसा घालावा लागतो, पण तू वळसा घालायचीस. उजवीकडून मी बरीचशी पूर्वीसारखी दिसते. मी मान वळवली की तू पोळीकडे बघायचीस, म्हणून मी समोर बघून बोलायला शिकले. विमानतळावरही तू उजव्याच बाजूनं मला मिठी मारलीस, घट्ट.

तुम्ही गेल्यावर पहिल्या शनिवारी मी बरणी ओट्याच्या टोकाला सरकवली आणि फोन उंच ठेवला. माझा चेहरा पूर्ण दिसेल असा. तुमचा कॉल लागला, आणि समोर मला तुमच्या घरचं छत दिसलं.

अजूनही छतच दिसतं. दादा येऊन जातो, तोंड भरून गप्पा मारतो, क्रिकेटचं सांगतो. मग, धाकटी, फोन तुझ्याकडे जातो आणि आडवा होतो. तुमचं छत मला आता चांगलं माहीत आहे. गोल दिवा, त्याच्या शेजारी धूर झाला की वाजणारं यंत्र, त्यावर लुकलुकणारा हिरवा ठिपका, कोपऱ्यात पाणी झिरपल्याचा डाग. खालून तुझा आवाज येतो, शाळेचं, मैत्रिणींचं. तुझी आई मागून म्हणते, "अगं, आजीशी नीट बोल, फोन धर." तिनं तसं म्हणू नये. चार वर्षं मी तुम्हाला ओटा दाखवला, तेव्हा तुम्ही कुणी मला फोन वर कर म्हणाला नाहीत.

तुम्ही गेल्यापासून मी परत ओट्यापाशी जेवत नाही. आजोबा ऑफिसात असतात तेव्हा मी दुपारी टेबलाशी एकटी बसते आणि उजवीकडची खुर्ची बाहेर ओढलेली तशीच ठेवते. इतर सगळ्या खुर्च्या आत ढकललेल्या असतात, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.

गेल्या शनिवारी छताच्या खालच्या कडेला तुझी बोटं आली. बोटांत एक दात होता.

"आजी, लुक. पडला."

"छान आहे. माझे वरचे अर्धे एका सकाळी एकदम गेले होते."

छत थोडा वेळ तसंच राहिलं. मग खालून खुदकन हसल्याचा आवाज आला. फोन जरासा हलला, दिवा तिरका झाला, तुझ्या केसांचा एक झुपका दिसला आणि गेला.

मी मेथी निवडत राहिले.