ठिबकची नळी आणि तिसरा शब्द

आमच्या कंपनीत कामात काही बदल केला की इंग्रजी फॉर्म भरावा लागतो, आणि आमच्या लाइनचे सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. मी कवठे येमाईच्या मराठी शाळेत शिकले. त्यामुळे त्या कामाचा मला जरा तोराच आहे, कशाला खोटं बोलू!

केंदूरहून येणारे एक मामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. लोखंडी रॅकमध्ये ठेवलेल्या पार्टांवर चरे पडायचे. एके दिवशी मामांनी शेतातली ठिबकची जुनी नळी आणली, उभी चिरली आणि रॅकच्या कडांवर बसवली. चरे पडायचे थांबले. दिवाळीनंतर मामा रिटायर होणार होते आणि गेटजवळच्या कौतुकाच्या बोर्डावर त्यांचं नाव एकदाही लागलं नव्हतं. ते लागलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं.

फॉर्मवर तीन शब्द होते. रिपेअर, करेक्शन, इम्प्रूव्हमेंट. एकावर खूण करायची.

फॉर्मवर सही करणारे आमच्या लाइनचे साहेब म्हणाले, "करेक्शन टाका. सगळं एकच."

एकच कसं? रिपेअर म्हटलं की कागद मेंटेनन्सच्या फाइलमध्ये जाऊन पडतो. करेक्शन म्हटलं की आधी चूक कुणाची होती ते विचारतात, आणि ती मामांच्याच गळ्यात पडली असती. बोर्डावर जातो फक्त तिसरा शब्द.

मी फॉर्म घेऊन मशीनपाशी गेले.

"मामा, रॅक मोडला होता का?"

"न्हाई."

"मग तुमचं काही चुकत होतं?"

"माझं काय चुकतंय? रॅक चांगलाच व्हता. आता आजून चांगला झालाय, येवढंच."

मी परत येऊन साहेबांसमोर तिसऱ्या शब्दावर खूण केली आणि मामांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. आवाज थोडा चढला असेल माझा. साहेबांनी फॉर्म पुन्हा वाचला आणि सही केली.

नाव लागलं त्या दिवशी मामा डबा घेऊन बोर्डासमोर उभे होते.

"माझं नाव कळलं. त्याच्या म्होरं विंग्रजीत काय लिवलंय?"

"तुम्ही मला सांगितलं तेच. चांगलं होतं, ते अजून चांगलं केलं."

"मंग बराबर हाय."

शिफ्टची बस हॉर्न देऊ लागली. इतक्या वर्षांत एकदाही बस न चुकवलेला माणूस जागचा हलेना. बोर्डावर माझं नाव कुठंच नव्हतं, तरी मीही त्यांच्या शेजारी ताठ मानेनं उभी राहिले.