पोटभाडेकरू

नाकावर माशी बसू न देणारा माणूस, असा शिंपीबुवांचा लौकिक होता. गिऱ्हाईक म्हणालं, "बाही जरा आखूड झाली," की बुवा त्याचाच हात लांब ठरवून मोकळे. माशी शहाणी निघाली. नाक सोडून मनगटावर बसली. वाळूच्या रंगाची, चिलटाएवढी. चावली आणि मागे न भरणारा फोड ठेवून गेली.

बुवांची बायको रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तिथे त्यांना सगळे वहिनी म्हणत. फोडातला एकपेशीय परजीवी त्यांनीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. औषध ठरण्याआधी एक तपासणी उरली होती. या परजीवीच्या पोटात कधीकधी एक विषाणू राहतो. तो असला, तर औषध फसण्याची आणि दुखणं पुढे नाकात उतरून नाक पोखरण्याची भीती जास्त. प्रयोगशाळेत परजीवीला भाडेकरू म्हणत आणि त्या विषाणूला पोटभाडेकरू. परक्यांचे नमुने तपासताना वहिनी या शब्दाला खुशाल हसत आल्या होत्या.

सकाळी निघताना त्या फोनवर सहकारी मुलीला म्हणाल्या, "पोटभाडेकरू निघाला ना, तर काही खरं नाही गं. नाक जाईल!"

बुवा दाढी करत होते. वस्तरा गालावरच थांबला.

दिवसभर वहिनींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मागवलेला चहा समोर निवून गेला. यंत्र आपलं निवांत घुरघुरत होतं. अखेर पडद्यावर, विषाणू असेल तरच चढणारी आलेखाची रेघ वर चढली. वहिनींनी सगळं पुन्हा लावून पाहिलं. रेघ पुन्हा चढली, निर्लज्जासारखी.

घरी येतात तो बुवा दारातच छाती काढून उभे.

"आपल्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूला फैलावर घेतलं! म्हटलं, आमच्या खोलीत पोटभाडेकरू ठेवतोस? आमचं नाक कापतोस? रडकुंडीला आला बिचारा. कपाटसुद्धा उघडून दाखवलं. कोणी नाहीये, अगं!"

वहिनींना हसू फुटलं आणि अर्ध्यावरच अडकलं.

"अहो, तो वर नाही. तुमच्या हातात आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बुवांनी बाही मागे सारून फोड पुन्हा पाहिला.

"औषध बदलतील. डॉक्टर अधूनमधून नाक तपासतील."

"आणि एरवी?"

"मी आहे ना."

"वरच्याची माफी मागायचीय. पण आधी हे बघ." बुवांनी शिवणयंत्राचा दिवा लावला, मान मागे टाकली आणि जन्मात पहिल्यांदा आपलं नाक दुसऱ्याच्या हवाली केलं.

"नीट बघ हं. घाई नको."

वहिनी वाकल्या. एक नाकपुडी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.