माझ्या अंगात देवी येत नव्हती

दोन वर्षं लोक माझ्या पाया पडत होते. माझ्यापुढे नारळ फोडत होते, ओटी भरत होते, लेकराबाळांना माझ्या पायाशी आणून ठेवत होते. आणि त्याच दोन वर्षांत माझं हृदय मधूनच थांबत होतं, हे कुणाला कळलं नाही. देवाच्या कृपेचा अनुभव लिहिताना राग मनात ठेवू नये, असं मोठी माणसं सांगतात. मी खूप प्रयत्न केला. पण या अनुभवातून राग गाळला तर मागे जे उरतं ते खोटं वाटतं. म्हणून आहे तसंच लिहिते. देवी समजून घेईल.

आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली आहे. माझे मालक न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचे. ते जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी आणि माझी मुलगी दिराच्या घरात राहतो. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, मुलगी पनवेलच्या कॉलेजात जाते. विधवा भावजय घरात असते तशीच मी होते. जेवण शेवटी, बोलणं त्याहून कमी. गावदेवीवर मात्र माझा लहानपणापासून जीव. दर मंगळवारी उपास करायचा आणि संध्याकाळच्या आरतीला उभं राहायचं, एवढाच माझा विसावा होता.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी, नवरात्रात आरती चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं मला आठवत नाही. मुलीने नंतर सांगितलं, ‘आई, तू पांढरी फटक पडलीस, खाली कोसळलीस, हातपाय झटकलेस, आणि थोड्या वेळाने डोळे उघडलेस तेव्हा तुझा चेहरा लालबुंद झाला होता.’ गावाने तो लाल चेहरा पाहिला आणि ठरवून टाकलं. “देवीचं तेज हाय,” कुणीतरी ओरडलं. दिराने माझ्या कपाळाला मळवट भरला. मी शुद्धीवर येते न येते तोच गर्दी पाया पडायला लागली.

त्याआधी मी स्वयंपाकघरात दोनदा पडले होते, एकदा विहिरीवर. तेव्हा कुणालाही तेज दिसलं नव्हतं. तेव्हा जाऊ म्हणाली होती, “नीट खात जा.” गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, “अशक्तपणा आहे. या वयात बायकांना होतं असं.” माझ्या मनगटाला त्यांनी हात लावल्याचं मला आठवत नाही. लावला असता तर बरं झालं असतं, याहून अधिक काय लिहू?

पुढे दर मंगळवारी मला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाटावर बसवायला लागले. ढोल वाजायचा, धूप घालायचे. बऱ्याचदा काही व्हायचं नाही, मग देवी रुसली म्हणायचे. कधी व्हायचं. जाग येताना माझ्या तोंडून जो पहिला शब्द निघेल तो देवीचा कौल. एकदा मी “पानी” म्हटलं, कारण घसा कोरडा पडला होता. समोर बसलेल्या माणसाला बिल्डरला जमीन द्यावी की नाही हे विचारायचं होतं. त्याने ठरवलं, जमिनीत पाणी आहे, विकायची नाही. ते एक वेळ राहू दे. पण दुसऱ्या एका मंगळवारी कुणीतरी मला गदागदा हलवत होतं आणि मी “नको, नको” म्हणाले. समोर एका मुलीची आई बसली होती. मुलीचं ठरलेलं लग्न त्या “नको”वर मोडलं. मुलीला तो मुलगा मनापासून आवडला होता, हे मला पुढे कळलं. मी माझ्या अंगावरचा हात झटकत होते हो! त्या पोरीच्या आयुष्याबद्दल बोलणारी मी कोण?

आणि इथे माझाही दोष कबूल करते. मी गप्प बसले. मला ठाऊक होतं की माझ्या आत कुणी येत नाही. आधी छातीत काहीतरी रिकामं व्हायचं, उतरताना पायरी चुकल्यासारखं, आणि मग अंधार. देवी येणं असं नसणार, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिलं ताट माझ्यासमोर येत होतं. दीर “वैनी” म्हणताना नजर खाली ठेवत होते. माझ्या मुलीच्या फीबद्दल घरात कुणी कुरकुर करत नव्हतं. मान मिळतो तेव्हा खरं बोलायला फार बळ लागतं, आणि तेवढं माझ्यात नव्हतं. चुलीजवळ पडून माझा दंड भाजला तेव्हाही दीर म्हणाले, “देवी परीक्षा घेतेय.” मी दंडाला हळद लावली आणि ऐकून घेतलं.

अशी दोन वर्षं गेली, आणि एका मंगळवारी कामोठ्याहून दोन बायका आल्या. एकीला आपल्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारायचं होतं. दुसरी तिची शेजारीण, साठीच्या पुढची, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. ती फक्त सोबत म्हणून आली होती. मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळात तिने तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं होतं, त्यातली बरीच हृदयरोगाच्या वॉर्डात. हे अर्थात आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सगळे वाकतात तर आपण ताठ उभं राहून कुणाचं मन कशाला दुखवायचं, म्हणून ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली, ती वाकली, आणि नेमकी त्याच वेळी मी पडले.

पुढचं मुलीने पाहिलेलं आहे. त्या बाईची बोटं माझ्या पावलावर होती. पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी असते म्हणे, नर्सची बोटं सवयीने तिथेच जातात. ती वाकली ती उठेचना. दीर म्हणाले, “बाय, उठा आता, मागं मानसं खोळंबलीत.” ती ओरडली, “ढोल बंद करा!” आणि सरळ पाटावर चढून तिने माझ्या गळ्याला बोटं लावली. देवीच्या पाटावर चढली म्हणून बायका किंचाळल्या. ती मोठ्याने आकडे मोजत होती. सातपर्यंत गेली, आठपर्यंत गेली. मग नाडी पुन्हा लागली आणि तिचा चेहरा सैल पडला. माझे डोळे उघडले, चेहरा लाल झाला, आणि गर्दी नेहमीसारखी ओरडली, “तेज आला, तेज आला!”

“तेज नाही हे,” ती म्हणाली. “थांबलेलं रक्त परत आलंय. हिचं हृदय आत्ता निदान आठ सेकंद बंद होतं. हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं.”

दीर पुढे आले. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणते, आणि त्यामुळेच माझा राग अधिक आहे. वाईट माणसाला निदान ओळखता येतं. ते हात जोडून, अगदी श्रद्धेने म्हणाले, “बाय, तुमी शिकलेल्या हाव. पन देवीला नाडी नसते.”

त्या बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, तुमचं नाव काय?” तिने मला विचारलं. दोन वर्षांत त्या पाटावर बसून मला कुणी माझं नाव विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. मग ती म्हणाली, “तुम्हाला जायचंय का?”

मी म्हणाले, “मला जायाचाय.”

दीर आडवे आले. मंगळवारची पूजा पुरी झाल्याशिवाय देवीला पाटावरून उठवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात मागून एक म्हातारी काठी आपटत बोलली, “आरं, देवीच बोलतेय जायाचाय, न तू तिला अडवतंस? तू कोन मोठा?” गर्दीत कुजबुज झाली आणि वाट मोकळी झाली. दोन वर्षांत त्या पाटावरून मी एकच वाक्य स्वतःचं बोलले होते, आणि तेही देवीचंच म्हणून ऐकलं गेलं. मला हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं. ज्या समजुतीने मला मारत आणलं होतं, तिचाच आधार घेऊन मी बाहेर पडले. कामोठ्याच्या त्या बाईंच्या रिक्षात बसले तेव्हा कपाळावर मळवट तसाच होता. मुलीने तो ओढणीने पुसला.

पनवेलच्या इस्पितळात ईसीजी काढला, तर तो बराचसा बरोबर निघाला. तरुण डॉक्टर म्हणाले, “फार काही दिसत नाही. टेन्शन आहे का घरात?” पुन्हा तेच! मला वाटलं, या बाईला उगीच त्रास दिला, परत जावं. पण ताई—तोवर मी त्यांना ताई म्हणायला लागले होते—डॉक्टरांपुढे ठाम उभ्या राहिल्या. “ईसीजी म्हणजे काही सेकंदांचा फोटो. त्या वेळी सगळं ठीक असेल तर फोटो ठीकच येणार. माझ्या बोटांखाली आठ सेकंद नाडी नव्हती. हिला दाखल करा, मॉनिटरला लावा, आणि वाट बघा.” एकट्या बाईचं म्हणणं ऐकत नाहीत, पण तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपमा खात होते. चमचा हातातून पडला. मॉनिटर किंचाळायला लागला, पडद्यावरची रेघ सरळ धावत होती, आणि तो सगळा प्रकार या वेळी कागदावर छापून आला. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद माझ्यासमोर धरून समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोक्याचा संदेश तयार होतो, तो विजेसारखा खालच्या कप्प्यांत उतरतो. माझ्यात तो वाटेतच अडत होता. कधी उशिरा पोचायचा, कधी पोचायचाच नाही. मग मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस पांढरा पडून कोसळतो, झटके येतात. ठोका परत आला की रक्त उसळतं आणि चेहरा लाल होतो. “अशी थांबलेली वेळ एखाद्या दिवशी लांबली असती तर तुम्ही उठला नसता,” ते म्हणाले. औषधाने हे सुधारण्यासारखं नव्हतं. पेसमेकर बसवायचा होता.

दीर इस्पितळात आले. खाटेजवळ उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, “वैनी, यंतर बसवलंस तर देवी जाईल. गावाला काय सांगू?”

माझ्या तोंडून तोवर त्यांना कधी उलट शब्द गेला नव्हता. मी म्हणाले, “भाऊजी, गावाला सांगा की वैनी जगली. तेवढ्याने गावाचं भागत नसेल, तर गावाने दुसरी कुणीतरी मरायला शोधावी.” ते खाली मान घालून गेले. कागदावर मुलीने सही केली. सरकारी योजनेच्या कागदपत्रांसाठी ताईच या खिडकीतून त्या खिडकीत फिरल्या.

मला पूर्ण झोपवलं नव्हतं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली भूल दिली, छोटा छेद घेतला, आणि शिरेतून वायर हृदयापर्यंत नेली. दुखत नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं. मी मनात देवीचं नाव घेत होते. यंत्र चालू केलं तेव्हा काही चमत्कार झाल्यासारखं वाटलं नाही. नुसती ऊब आली, हातापायांच्या बोटांपर्यंत. किती दिवस माझी बोटं गार होती, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर सहा आठवडे डावा हात वर उचलायचा नव्हता. त्या दिवसांत मुलगी माझी वेणी घालायची. सहा आठवडे संपल्यावर पहिलं काम केलं ते त्या मुलीच्या घरी जाण्याचं, जिचं लग्न माझ्या “नको”वर मोडलं होतं. मी सगळं खरं सांगितलं आणि माफी मागितली. ती दारातच उभी राहून म्हणाली, “काकी, आता त्याचं लग्न झालं.” आत बोलावलं नाही. बोलवायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

शेड आता रिकामी आहे. दीर माझ्याशी कामापुरतं बोलतात. गावातल्या काही बायका अजून म्हणतात की यंत्रामुळे देवी रुसून गेली. ताईंचा दर रविवारी फोन येतो. मी एकदा त्यांना म्हणाले, “ताई, तुम्हाला देवीनेच पाठवलं.” त्या हसून म्हणाल्या, “मला शेजारणीने आणलं हो.” मी वाद घातला नाही. तीस वर्षं आजाऱ्यांच्या नाड्या पाहिलेली बोटं, विश्वास नसताना, कुणाचं मन दुखू नये एवढ्यासाठी माझ्या पावलापर्यंत आली, आणि नेमकी त्याच क्षणी. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

मध्ये एका मंगळवारी टेकडीवरच्या गावदेवीच्या देवळात गेले. पायऱ्या चढताना कुठेही थांबावं लागलं नाही. दुपारची वेळ, गाभाऱ्यात कुणी नव्हतं. मी हात जोडायला गेले आणि भांडायलाच लागले. दोन वर्षं लोक तुझ्या नावाने माझ्याशी असं वागले, तू एकदा तरी त्यांना थांबवायचंस! एका पोरीचं लग्न मोडलं ते तुझ्या नावाने! मला राग येतो, आणि तो जात नाही. मी मोठ्याने बोलले, रडले, पुन्हा बोलले. ती ऐकत होती. तिच्यासमोर असं बोलायची माझी हिंमत आजवर झाली नव्हती, कारण आजवर मी तिला शरण गेलेच नव्हते. मी शरण गेले होते तिच्या नावाने बोलणाऱ्यांना. आपलं आहे ते सगळं, रागासकट, तिच्यापुढे ठेवायचं आणि मग पदर पसरायचा, एवढं मला त्या दुपारी उमगलं.

बोलून बोलून दमले, तेव्हा ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. “आई, तू मला जगवलंस,” एवढंच म्हणाले, आणि मुलगी कॉलेजातून यायची वेळ झाली म्हणून पायऱ्या उतरायला लागले.