अजायबखान्यातली ओटी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, माहेरी सांगितली नाही, देवापुढे दिवा लावतानासुद्धा ओठांवर येऊ दिली नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणूनच असेल.

आधी अक्कांनी काय केलं ते ऐका — नाही, ते आधी सांगितलं की तुम्ही माझ्या बाजूचे व्हाल. पण त्याशिवाय पुढचं कळणार तरी कसं?

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. खटकचिंचोळीला आमचं एकत्र घर, शेती आणि भुसाराचं दुकान. माझी दोन्ही बाळं पाळण्यातच गेलेली. अक्कांच्या लेकीला, गंगूला, सातवा महिना लागला आणि डोहाळजेवण ठरलं. पुरणाचा घाट मी घातला, गंगूची वेणीही मीच घातली. ओटी भरायला म्हणून मी तबक उचललं — आणि अक्कांनी साऱ्या बायकांसमोर माझा हात बाजूला सारला. "तू ऱ्हाऊ दे. तुझ्या हाताचं नगं." बस्स, एवढंच. मी हसले आणि आत जाऊन भांडी घासत बसले. पण पोटात जे पेटलं, ते मला विझवायचंच नव्हतं.

त्याच महिन्यात पुरुषांचं हैदराबादला कचेरीत काम निघालं, आणि आम्हा दोघींनाही नेलं. शहर बघायचं, मराठी नाटक कंपनी आली होती तिचा खेळ बघायचा. अक्का त्याआधी बिदरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. बागेतल्या अजायबखान्यात त्या दिवशी फक्त बायकांना सोडत होते. पुरुष फाटकाबाहेर थांबले. आत पहाऱ्यालाही बाईच होती. तलवारी, चिनी भांडी, जुनी नाणी — अक्का माझा पदर धरून चालत होत्या. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

मग ती मूर्ती आली. काळ्या दगडाची देवी, मांडीवर लेकरू. अक्का थबकल्या. पिशवीत खण, नारळ, तांदूळ होतेच. शहरातल्या देवीची गंगूच्या नावानं ओटी भरायची म्हणून त्यांनी गावाहून आणलेले. मूर्तीशेजारी उर्दू पाटी होती. माझे वडील मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत मास्तर, त्यांनी मला उर्दू शिकवली होती. घरातल्या बायकांत ती मला एकटीलाच वाचता यायची.

"काय लिव्हलंय गं?"

लिहिलं होतं — हात लावू नये, काही वाहू नये.

"वहाणा काढून ओटी भरा म्हणून लिव्हलंय, अक्का."

जीभ अडखळली का? जरासुद्धा नाही. अक्का खाली बसल्या, देवीला हळद-कुंकू लावलं, खण मांडीवर ठेवला, तांदूळ घातले, गंगूचं नाव घेतलं. मी दूर जाऊन काचेच्या पेटीतला एक खंजीर बघत उभी राहिले. वाट बघत.

पहारेकरीण ओरडतच आली. "अगे, ये क्या कररी तुम? उठो, उठो!" तिनं खण ओढून फेकला, ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, तांदूळ केरसुणीनं लोटले. भोवती बायका जमून हसायला लागल्या. गंगूच्या नावाची ओटी केरात गेली. अक्कांचा त्या वेळचा चेहरा — तो मी पुढे कितीदा तरी मुद्दाम आठवला आहे. बरं वाटायचं.

एवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. बाहेर येताना अक्कांनी विचारलं, पाटीवर तर भरा म्हणून होतं ना? मी म्हणाले, होतं की. पण देवीनंच घेतली नाही, त्याला कोण काय करणार?

संध्याकाळी नाटकाला गेलो. बायकांच्या सज्ज्यात, पडद्याआड बसलो. खेळ विनोदी होता, मी पोट धरून हसले. अक्का तोंडात पदर कोंबून रडत होत्या. शेजारणीला वाटलं, यांनाही हसू आवरेना.

गंगूचं मूल मेलेलंच जन्मलं. ते माझ्यामुळे नव्हे, एवढं मला कळतं. पण अक्कांना कुठे कळत होतं? देवीनं ओटी नाकारली, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांनी मंगळवार धरले, वहाणा सोडल्या, खाणं तोडलं. पाटीवर तसं नव्हतं — एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. मी रोज त्यांच्याशेजारी जेवायला बसत होते. उद्या सांगेन, असं तरी कधी ठरवलं का? एकदाही नाही. झुरा म्हटलं, चांगल्या झुरा.

मग काही वर्षांनी एका दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्यापुढे वाकल्या. थोरली जाऊ धाकटीच्या पाया पडते, असं आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. "तुझा हात झटकला म्या, म्हणून देवीनं माझी ओटी टाकली. माफ कर गं बाई मला."

घरात आम्ही दोघीच होतो. त्यांचं कपाळ माझ्या पायांवर होतं.

"व्हय, केलं माफ," मी म्हणाले. पाय मागे घेतले नाहीत.